पंचवीस पॉइंट चार

हुबळीच्या कारखान्यानं पाठवलेला दरवाजा
मी ओमाणा कडोलकरांच्या बाथरूमला लावला
आणि घर दिसेनासं झालं.

खाली वडगावचे माग खडखडत होते, चहा निवला होता.
झूम मागे. अजून मागे.
तीस बाय चाळीसचा प्लॉट कोपऱ्यात, आगपेटीसारखा,
आणि त्याच्यावरून पंचाहत्तर फुटांची फळी उघडत
थेट शेजाऱ्याच्या काजूपर्यंत.

काका स्टुलावर, टोपी गुडघ्यावर.
"पोरी, रथ आत आणूलालैस काय?"
मी हसलो.
(आमच्याकडे बायकाही 'हसलो'च म्हणतात.
पुण्यात सहा महिने 'हसले' म्हणून बघितलं.
परत आलो.)

फाइलीत नुसता आकडा असतो. नऊशे.
नऊशे काय, ते कुणी लिहिलेलं नसतं.
त्यांच्याकडे मिलिमीटर, माझ्याकडे इंच,
युनिटच्या रकान्यात काहीच नाही.
आकडा इमानी. सांगितलं तेवढा लांब झाला.

मग खुर्ची. सुभद्राकाकूंची, चाकांची.
कुठल्याशा परदेशी दवाखान्याच्या नकाशातून उचललेली,
मीटरमध्ये काढलेली.
ठेवली आणि हरवली.
शोधत गेलो तर फरशीच्या मधोमध एक इंच:
दोन चाकं, पाठ, पाय टेकायच्या पट्ट्या,
सगळं जागच्या जागी,
मुंगीला बसवता येईल अशी.

काका वाकले. चष्मा धोतराला पुसला.
"ही तिची?"
"होय."
मागांचा आवाज थोडा वेळ आमच्या दोघांच्या मध्ये होता.
"एवढीशीच झालीया खरी," म्हणाले.

पंचाहत्तर फुटांचं दार, एक इंचाची खुर्ची.
अशा घरात कुणालाच काही अडत नाही.

दाराची मूळ फाइल उघडली, युनिटमध्ये मिलिमीटर घातलं,
सेव्ह केली, पुन्हा आणली. मुकाट्यानं मापात आली.
आधी तीन खोल्यांत लावून ठेवलेली दारं मात्र ऐकेनात.
जुन्या चुका नव्या सेटिंगला जुमानत नाहीत.
एकेकाला धरून पंचवीस पॉइंट चारनं भागलं.
खुर्चीला गुणलं एकोणचाळीस पॉइंट सदतीसनं.
ती वाढली, थांबली. रुंदी साडेपंचवीस इंच.

"तीन विती, दोन बोटं कमी," काका म्हणाले,
मी विचारलं नव्हतं.
"मोजलोय मी."
मनात हिशोब केला. नऊ त्रिक सत्तावीस, वजा दीड.
साडेपंचवीसच.

दारातून गेली, दोन्ही अंगांना मूठ मूठ सोडून.
आत गेली आणि वळेना.
वळायला पाच फूट लागतात, होते साडेचार.
मध्ये भिंत.
इतका वेळ ही भिंत कुणाच्या वाटेत नव्हती.

भिंत सहा इंच सरकवायची तर ओटा तेवढा आखडणार.
"काकूंना स्वयंपाकाला..."
"ते मीच करतो आता," काका म्हणाले. "सरकव."

दुंडाप्पा मेस्त्रीला फोन लावला.
"अक्का, बागिल एष्ट?"
"मूर अडी."
नऊशे म्हणजे तीन फुटांना अर्धा इंच कमी,
ते मी बोललो नाही, तेवढं त्याच्या गिलाव्यात जातं.
"आयतु," म्हणाला, आणि कुणाला तरी वाळू चाळायला सांगत
फोन ठेवायचा विसरला.

प्रिंट निघाली. खालच्या कोपऱ्यात मी हातानं लिहिलं:
सर्व मापे फूट-इंचांत.
काकांनी गुंडाळी काखेत घेतली, टोपी घातली.
आमच्या ऑफिसच्या दाराशी थांबले.
चौकटीला वीत लावली. एक, दोन, तीन,
तिसरी पुरी बसली नाही.

मान हलवून जिना उतरले.